दिव्यांग बालकांचा शाळेवरील हक्क
(रुग्णालयाच्या वार्षिक सभेतील भाषणाचा पाठ)



वार्षिक सभेत रुग्णसेवेचा आणि जमाखर्चाचा आढावा अपेक्षित असतो. तो या अहवालात अन्यत्र दिलेला आहे. आज आम्ही ज्या विषयावर बोलणार आहोत, तो वरवर पाहता शाळेचा आहे; परंतु आमच्या बाह्यरुग्ण विभागात तो वारंवार येऊन उभा राहतो.

मोर्णेच्या पश्चिम तीरावरील या जुन्या शहरातून आणि आसपासच्या खेड्यांतून सेरेब्रल पाल्सी झालेली, कर्णबधिर, अल्पदृष्टी, स्वमग्न अशी बालके आमच्याकडे येतात. महिनोन्‌महिने व्यायामोपचार करून एखादे मूल ताठ बसू लागते. आपल्या देणगीतून त्याला चाकाची खुर्ची मिळते. आणि मग आई विचारते, "डॉक्टरसाहेब, पोरीले शाळेत घेत नाहीत. आता तिले घरीच ठेवू काय?" त्या क्षणी उपचार आणि देणगी, दोन्ही शाळेच्या पायरीशी अडतात. या प्रश्नाचे उत्तर औषधात नाही, कायद्यात आहे. म्हणून ते पालकांस ठाऊक असणे आवश्यक आहे.

अपंग व्यक्तींसाठीच्या १९९५ च्या अधिनियमाने वयाच्या अठराव्या वर्षापर्यंत मोफत शिक्षणाची तरतूद केली होती. २००२ च्या घटनादुरुस्तीने सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक बालकाचे शिक्षण हा मूलभूत हक्क ठरला आणि त्यासाठीचा अधिनियम १ एप्रिल २०१० पासून अमलात आला. पुढे १९९५ च्या कायद्याची जागा दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ ने घेतली. तो १९ एप्रिल २०१७ पासून लागू आहे. जुन्या कायद्यात दिव्यांगत्वाचे सात प्रकार होते, नव्यात एकवीस आहेत.

या तरतुदींतून निघणाऱ्या तीन गोष्टी पालकांनी मनात पक्क्या कराव्यात.

पहिली गोष्ट निवडीची. चाळीस टक्के वा त्याहून अधिक दिव्यांगत्व असलेल्या, सहा ते अठरा वर्षांच्या बालकास परिसरातील शाळेत किंवा विशेष शाळेत मोफत शिकण्याचा हक्क आहे. यांपैकी कोणती शाळा, हे बालकाने व पालकांनी ठरवावयाचे आहे, मुख्याध्यापकांनी नव्हे. २०१२ च्या दुरुस्तीने तीव्र व बहुविध दिव्यांगत्व असलेल्या बालकांना घरी राहून शिकण्याची मुभा दिली. तीही मुभाच आहे. तिचा आधार घेऊन शाळेने मुलास घरी पाठवावे, असा तिचा अर्थ नाही.

दुसरी गोष्ट प्रमाणपत्राची. अनेक पालक प्रमाणपत्र हाती येईपर्यंत प्रवेशच घेत नाहीत आणि मुलाचे वर्ष वाया जाते. वस्तुतः सहा ते चौदा वर्षांच्या कोणत्याही बालकास सरकारी वा महानगरपालिकेच्या शाळेत प्रवेश मिळण्यासाठी दिव्यांगत्वाचा दाखला लागत नाही. दाखला लागतो तो विशेष लाभांसाठी. आमच्या रुग्णालयाची चिठ्ठी म्हणजे तो दाखला नव्हे, हेही स्पष्ट करतो. त्यासाठी स्वावलंबन संकेतस्थळावर अर्ज करून शासनाने नेमलेल्या वैद्यकीय प्राधिकाऱ्यांकडून तपासणी करून घ्यावी लागते. आमचे तपासणी अहवाल तेथे उपयोगी पडतात. ते जपून ठेवावेत.

तिसरी गोष्ट प्रवेशानंतरची. केवळ पटावर नाव आले म्हणजे हक्क पुरा झाला असे नाही. इमारत व स्वच्छतागृह वापरता येण्याजोगे असणे, बालकाच्या गरजेनुसार वाजवी सोयी, पात्र बालकांना अठरा वर्षांपर्यंत पुस्तके व साहाय्यक साधने मोफत, परीक्षेत जादा वेळ व लेखनिक, या सर्व बाबी कायद्यात आहेत. सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२१ मध्ये विकास कुमार यांच्या प्रकरणात असे स्पष्ट केले की, लेखनिकाची सोय केवळ चाळीस टक्क्यांच्या निकषावर नाकारता येणार नाही.

प्रवेश नाकारला गेल्यास नकार लेखी मागावा. तोंडी नकाराची दाद मागणे कठीण जाते. २०१७ च्या नियमांनुसार जिल्हा शिक्षण कार्यालयात या प्रवेशांसाठी समन्वय अधिकारी नेमणे बंधनकारक आहे. प्रथम त्यांच्याकडे अर्ज द्यावा व पोच घ्यावी. त्यानेही काम न झाल्यास राज्याच्या दिव्यांग आयुक्तांकडे तक्रार करता येते. चौकशीसाठी त्यांना दिवाणी न्यायालयासारखे अधिकार आहेत.

येथे शिक्षकांची बाजूही मांडली पाहिजे. भरलेल्या वर्गात एकाच शिक्षकाने कर्णबधिर आणि स्वमग्न मुलांकडेही लक्ष द्यावे, ही अपेक्षा प्रशिक्षित साहाय्याविना अन्यायाची आहे. म्हणूनच सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये सर्वसाधारण शाळांत विशेष शिक्षकांची कायम पदे निर्माण करण्याचा आदेश दिला आणि मार्च २०२५ मध्ये राज्यांना त्याची पुन्हा कडक जाणीव दिली. पालकांनी शिक्षकांशी भांडण्याऐवजी त्यांच्यासह ही पदे मागावीत, असे आम्हांस वाटते.

शिक्षणाने काय घडते, याचे उदाहरण आपल्या वऱ्हाडातच आहे. अचलपूर तालुक्यातील वझ्झर येथे शंकरबाबा पापळकर यांनी टाकून दिलेल्या दिव्यांग बालकांना आपले नाव दिले. २०२४ मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली. त्याच वर्षी त्यांची एक दृष्टिहीन मानसकन्या महाराष्ट्र लोकसेवा आयोगाची परीक्षा उत्तीर्ण झाली. जिला जन्मदात्यांनी सोडले, तिला शिक्षणाने उभे केले.

देणगीदारांस आमची नम्र विनंती आहे. आपण दिलेली खुर्ची मुलास शाळेपर्यंत नेते. पायरीजागी उतरण झाली तर ती वर्गात नेईल. आपल्या वस्तीतील शाळेत एकदा जाऊन ती पायरी पाहावी आणि तेथे उतरण व्हावी म्हणून शाळा व्यवस्थापन समितीकडे आग्रह धरावा. पालकांनी मुलाचे नाव याच वर्षी पटावर घालावे. अर्ज लिहिण्यास व कागदपत्रे लावण्यास आमचा समाजसेवा विभाग विनामूल्य साहाय्य करील. मूल शिकू लागले, तरच आमचा उपचार पूर्ण झाला असे आम्ही मानतो.