मुक्त निधी आणि अनुभवाचे शिक्षण
(हीरक महोत्सवानिमित्त म्हैसूर येथे झालेले व्याख्यान)



शाळेने साठी गाठली की देणगीचे हात पुढे येतात. कुणी वर्गखोली बांधून देतो, कुणी आईवडिलांच्या नावे पारितोषिक ठेवतो. या दानाचे मोल मोठेच. परंतु ज्या कारणासाठी पैसा दिला, त्याबाहेर तो खर्चता येत नाही. परिणामी भिंतींना रंग मिळतो आणि भिंग, बियाणे वा बसभाडे यांवाचून पाठ अडून राहतो.

समग्र शिक्षा योजनेत शासकीय शाळांना संयुक्त शाळा अनुदान मिळते. १०१ ते २५० पटसंख्येच्या शाळेस ते वर्षाला ५० हजार रुपये असते. मात्र दुरुस्ती, वीजबिल, शैक्षणिक साहित्य आणि स्वच्छता यांतच ते बहुधा सरते. अटल टिंकरिंग प्रयोगशाळेच्या २० लाखांपैकी निम्मी रक्कम उभारणीसाठी, तर उरलेली ती चालविण्यासाठी ठेवलेली आहे. साधन आणण्याइतकाच ते वापरण्याचाही खर्च असतो, हा त्यातला बोध.

म्हैसुरात तर शिक्षणाची साधने शाळेच्या कुंपणाबाहेरच उभी आहेत. १८९२ पासूनचे प्राणिसंग्रहालय, १९७९ मध्ये सुरू झालेले रेल्वे संग्रहालय, कारंजी तलावावरचे पक्षी, चामुंडी टेकडीचा खडक. परीघाचे सूत्र पाठ न होणारा मुलगा इंजिनाच्या चाकाला दोरी लावून ते स्वतः शोधू शकतो. वर्गात अबोल असणारी मुलगी तलावाकाठी पक्ष्यांची नोंदवही सजवू शकते. सर्वांना एकाच बसमधून एकाच दिवशी नेणे ही सहल झाली. ज्या मुलाला जे हवे, ते त्याला वेळेवर देणे हे शिक्षण होय. आणि त्यासाठी शिक्षकाच्या हाती थोडा मोकळा पैसा लागतो.

मोकळा म्हणजे बेहिशेबी नव्हे. कोणत्या मुलाची कोणती अडचण, किती खर्च आणि त्यानंतर मूल काय करू लागले, एवढे शिक्षकाने एका पानावर लिहावे. दर तिमाहीस हिशेब पालकांपुढे यावा. मुलांची नावे मात्र त्यात नसावीत. शिक्षण हक्क कायद्याने शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश जागा पालकांना दिल्या, त्या अशा देखरेखीसाठीच. आणखी एक पथ्य असावे: या उपक्रमांसाठी कोणत्याही मुलाकडून वर्गणी घेऊ नये. नाहीतर ज्याला अनुभवाची गरज सर्वाधिक, तोच घरी राहील.

महोत्सवी निधीतून इमारत अवश्य उभी राहावी. परंतु त्याचा एक भाग कोणत्याही नावाच्या पाटीविना, केवळ मुलांच्या पुढच्या प्रश्नांसाठी राखून ठेवावा, एवढीच दात्यांना विनंती.