परत आलेलं पार्सल कोणाच्या पदरात?

(बुलढाण्यात बचत गटांच्या कार्यकर्त्यांसमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



आजचा विषय कळल्यावर दोघी-तिघींनी विचारलं, ‘ताई, हा तर धंद्याचा विषय. आपल्या चळवळीशी त्याचा काय संबंध?’ प्रश्न रास्त आहे. पोटगी, मारहाण, दारूबंदीचा ठराव, जमिनीच्या उताऱ्यावर बाईचं नाव, हे आपले रोजचे विषय. पण गेल्या काही वर्षांत आपल्याच गटांतल्या कितीतरी जणी मोबाईलवरून माल विकू लागल्या आहेत. गाऊन, परकर, गोधड्या, कापडी पिशव्या, मसाले, शेवया. अलीकडे त्यांच्याशी बोलायला बसलं की विक्रीपेक्षा ‘रिटर्न’चीच गोष्ट जास्त निघते. म्हणून म्हटलं, एकदा हा हिशेब नीट मांडू.

पूर्वी गटाचा माल कुठे जायचा? आठवडी बाजारात, शेगावला येणाऱ्या भक्तांपर्यंत, तालुक्याच्या प्रदर्शनात, फार तर ‘सरस’मध्ये. तिथे देणारी आणि घेणारी समोरासमोर असायच्या. घेणारी कापड चुरगाळून बघायची, घासाघीस करायची, आणि एकदा पैसे कनवटीला लागले की व्यवहार संपला. नंतर कोणी भांडायला आलीच तर तीही समोर यायची. मोबाईलवरच्या बाजारात व्यवहार संपतच नाही. माल गेला, पोचला, बाईला वाटलं विकला गेला. मग कळतं की तो परत निघाला आहे.

हे कसं चालतं ते ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. परत येणारा माल दोन तऱ्हेचा असतो. एक, जो गिऱ्हाइकाने घेतलाच नाही. पैसे दारात द्यायचे होते. दार बंद होतं, फोन लागला नाही, नाहीतर मन बदललं. दुसरा, जो घेतला, उघडला, कदाचित वापरला, आणि मग परत केला. पहिल्या तऱ्हेत नुसता वेळ जातो. दुसऱ्या तऱ्हेत काय काय परत येतं ते शिवणाऱ्या बाईलाच विचारा. हळदीचे डाग पडलेला गाऊन येतो. नव्या परकराच्या जागी जुना येतो. एकीच्या पाकिटात तर नुसती चिंधी निघाली.

आता आकडे बघा. समजा, गाऊन ३५० रुपयांना विकला. कापड, दोरा, चेन, पाकीट मिळून १९० खर्च आला. कंपनीचं कमिशन आणि पाठवणी धरून ७० गेले. राहिले ९०. यात शिलाईची मजुरी आली, इस्त्री आली, फोटो काढणं आलं, घडी घालणं आलं, रात्री जागणं आलं. हा गाऊन परत आला आणि परतीच्या वाहतुकीचे समजा १२० कापले गेले, तर पुढच्या गाऊनची सगळी मजुरी त्यात जाते आणि वर ३० रुपये अंगावर पडतात. तो डागाळून आला असेल तर कापडाचे १९० ही बुडाले. म्हणजे ३१० रुपयांचा खड्डा, जवळजवळ साडेतीन गाऊनची मजुरी. हे आकडे समजुतीसाठी घेतले आहेत. प्रत्येकीने आपापल्या वहीतले घालून बघावेत.

पण मला खरी गोष्ट सांगायची आहे ती उशिराची. नवरात्रात मागणी आली, बाईने कर्जाने कापड उचललं, पार्सल गेलं. पैसे लगेच येत नाहीत. परतीची मुदत संपेपर्यंत कंपनी ते रोखून धरते. पुष्कळदा मुदत संपल्यावरही परत घेतलं जातं, आणि आधी जमा झालेले पैसे पुढच्या पेमेंटमधून वजा होतात. सणासाठी घेतलेली वस्तू सण उरकल्यावर परत येते. तोवर दिवाळी होऊन गेलेली असते आणि तो रंग, ती नक्षी पुढल्या वर्षापर्यंत कोणी विचारत नाही. मधल्या काळात गटाचा हप्ता थांबला का? व्याज थांबलं का? सोयाबीन काढणीचे चार दिवस बुडवून ती मशीनवर बसली होती, ती मजुरी तिला कोण देणार? गिऱ्हाइकाचे पैसे पटकन परत मिळावेत म्हणून सगळी यंत्रणा धावते. विक्रेतीचे पैसे अडकले की तिला मोबाईलवर ‘तुमच्या तक्रारीची नोंद घेतली आहे’ एवढं उत्तर येतं.

इथे एक घोळ होऊ देऊ नका. माल परत करण्याचा हक्क वाईट आहे, असं मी म्हणत नाही. १९७२ मध्ये मृणालताई गोरे, अहिल्याताई रांगणेकर आणि हजारो बायका महागाईविरुद्ध लाटणी घेऊन रस्त्यावर उतरल्या, त्या ग्राहक म्हणूनच उतरल्या होत्या. १९८६ च्या ग्राहक संरक्षण कायद्यामागेही कितीतरी जणांची धडपड आहे. फसवणारा व्यापारी आपण सगळ्यांनी पाहिला आहे. शिवाय गाऊन घेणारीही बाईच असते. तिचं माप चुकलं, रंग फोटोतल्यासारखा निघाला नाही, तर तिने काय करावं? देणारी आणि घेणारी यांना एकमेकींविरुद्ध उभं करणं सोपं आहे, आणि मधला मोकळा राहतो. माझा प्रश्न एवढाच की परतीचा खर्च आणि परतीची वाट बघणं, हे दोन्ही सगळ्यांत कमी भांडवल असणारीच्याच पदरात का?

कायदा काय म्हणतो? २०१९ चा नवा ग्राहक कायदा आला, आणि त्याखाली २०२० मध्ये ई-कॉमर्सचे नियम झाले. माल सदोष असेल, बनावट असेल, जाहिरातीप्रमाणे नसेल, किंवा सांगितलेल्या वेळेपेक्षा उशिरा पोचला असेल, तर विक्रेत्याला तो परत घ्यायला नकार देता येत नाही. शेवटचं कलम पुन्हा ऐका. उशीर कुरिअरच्या गाडीने केला तरी माल परत घ्यायचा विक्रेतीने. नैसर्गिक आपत्तीसारख्या कारणाला तेवढी सूट आहे. ग्राहकाच्या तक्रारीची पोच ४८ तासांत द्यायची आणि महिनाभरात निवारण करायचं, असंही नियमात आहे. ते योग्यच आहे. पण ही मुदत ग्राहकाच्या तक्रारीसाठी आहे.

मग विक्रेतीने कुठे जावं? २००६ च्या सूक्ष्म, लघु उद्योगांच्या कायद्यात माल घेणाऱ्याने ४५ दिवसांच्या आत पैसे द्यावेत असं आहे, नाही दिले तर परिषदेकडे दाद मागता येते. पण कंपनी म्हणते, आम्ही माल विकत घेतलेलाच नाही, आम्ही फक्त बाजार भरवतो. म्हणजे खरेदीदार कोण? दूर कुठल्या शहरात राहणारं, कधी न पाहिलेलं गिऱ्हाईक. पार्सल आणणाऱ्या मुलाची गणती निदान २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेच्या व्याख्येत झाली. आपली बाई कागदावर ‘विक्रेता’ आहे, म्हणजे व्यापारी. तिला कामगार कोणी म्हणत नाही.

जीएसटीचंही एक सांगून ठेवते. १ ऑक्टोबर २०२३ पासून उलाढाल मर्यादेत असेल तर जीएसटी नोंदणीशिवायही या कंपन्यांमार्फत माल विकता येतो, मात्र पोर्टलवर नाव नोंदवावं लागतं आणि माल राज्यातच विकावा लागतो. म्हणजे जळगाव जामोदच्या बाईचं पार्सल सावंतवाडीला जाईल, पण शेजारच्या बुऱ्हाणपूरला जाणार नाही! जितका लांबचा रस्ता, तितका परतीला उशीर.

आता घरातलं बोलू. गट बाईच्या नावाचा, शिलाई बाईची, पण मोबाईल मुलाच्या हातात आणि खातं पुष्कळदा नवऱ्याच्या नावावर. परतीची सूचना येते ती त्याच मोबाईलवर. परत आलेला माल ठराविक दिवसांत तपासून क्लेम टाकायचा असतो. तो टाकायचा राहतो, कारण मुलगा कॉलेजला किंवा फोनला रेंज नाही. आणि पार्सल घरी आलं की पहिलं वाक्य काय असतं? ‘तुझ्याच शिवणात खोट असेल.’ आपल्याच बुलढाण्याच्या ताराबाई शिंद्यांनी १८८२ मध्ये ‘स्त्री-पुरुष तुलना’ लिहून विचारलं होतं की सगळे दोष बायकांच्याच माथी का. त्यांना हे चांगलं कळलं असतं.

यावर ‘विकणंच बंद करा’ असा सल्ला मी देणार नाही. ज्या बाईला पहिल्यांदा स्वतःचे चार पैसे दिसले तिला असं सांगायचा अधिकार मला नाही. मला लिज्जतचा विचार येतो. १९५९ साली गिरगावात सात जणींनी ८० रुपये उसने घेऊन सुरुवात केली. तिथे बाई पीठ घरी नेते, पापड लाटून आणून देते आणि आपली लाटणावळ घेते. दुकानदाराने पैसे कधी दिले, माल परत आला का, हे संस्था बघते. नफा-तोटा सगळ्या बहिणींचा मिळून असतो. लिज्जतबद्दल आपले मतभेद असतील, माझेही आहेत. पण जोखीम एकटीच्या डोक्यावर न टाकता वाटून घेता येते, हे तिथे दिसतं.

आपल्या गटांनाही हे जमण्यासारखं आहे. पाच-सहा जणींनी मिळून एकच खातं गटाच्या नावावर चालवावं. पाकीट भरताना आणि परत आलेलं उघडताना लेबल दिसेल असा सलग व्हिडिओ काढावा, आणि ते काम एकीकडे सोपवून तिला त्याची मजुरी द्यावी. हो, मजुरी! दारात पैसे घेण्याची पद्धत जिथे बंद करता येत असेल तिथे करावी. गटाच्या अंतर्गत बचतीतून थोडी रक्कम बाजूला ठेवावी, म्हणजे परतीमुळे जिचे पैसे अडकले तिचा हप्ता तेवढ्या महिन्यात त्यातून भरता येईल.

आणि मागण्या. मुदत संपल्यावर परत घेतलेल्या मालाचा खर्च, ज्याने तो परत घ्यायचं ठरवलं त्याने, म्हणजे कंपनीने उचलावा. विक्रेतीच्या तक्रारीलाही ग्राहकाच्या तक्रारीइतकीच मुदत असावी आणि उत्तर मराठीत मिळावं. वापरून परत करण्याची सवयच असलेल्यांचा भार विक्रेतीवर नको. माविम आणि उमेदकडे आपण विक्रीचं प्रशिक्षण मागतो, तसा परतीच्या क्लेमसाठी तालुक्याला एक माणूस मागावा.

पण नुसत्या तोंडी तक्रारीवर कोणी हलत नाही. म्हणून आज जाताना प्रत्येक गटाने एक वही न्यायची आहे. रकाने आखलेले आहेत: पार्सल गेलं ती तारीख, परत आलं ती तारीख, कारण काय सांगितलं, आत काय निघालं, किती कापले, क्लेम टाकला का, काय उत्तर आलं. लिहिता न येणारीने शेजारणीकडून लिहून घ्यावं, पण तारीख सोडू नये. तीन महिन्यांनी चिखली, मेहकर, मोताळा, नांदुरा, सगळ्या वह्या इथेच एकत्र उघडू आणि त्यावरून निवेदन तयार करू.