पहिले मत आणि आजोबांचा प्रश्न

(मंडळाच्या संविधान दिनाच्या कार्यक्रमात नवमतदारांपुढे केलेले भाषण)



आम्ही बँकेतले कारकून, व्याख्याते नव्हे. म्हणून आमच्या घरात घडलेली एक गोष्ट सांगतो आणि तिच्यातून जे शिकलो तेवढेच तुमच्यापुढे ठेवतो.

आमचे आजोबा गिरणी कामगार होते. 1952 च्या जानेवारीत, देशाच्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत, त्यांनी आयुष्यातले पहिले मत दिले. मतदारसंघ उत्तर मुंबईचा आणि उमेदवार साक्षात बाबासाहेब. तिथे दोन जागा होत्या, एक सर्वसाधारण व एक राखीव. म्हणून प्रत्येक मतदाराला दोन मते होती. प्रत्येक उमेदवाराची पेटी वेगळी आणि तिच्यावर त्याचे चिन्ह. शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनचे चिन्ह होते हत्ती. दोन मते दोन वेगळ्या उमेदवारांना द्यायची, दोन्ही एकालाच दिली तर एक बाद, असा नियम होता. आजोबांना अक्षरओळख नव्हती. त्यांनी दोन्ही मतपत्रिका श्रद्धेने हत्तीच्या पेटीत टाकल्या. त्यामुळे एक मत वाया गेले. त्या मतदारसंघात 70 हजारांहून अधिक मते बाद ठरली आणि बाबासाहेब सुमारे साडेचौदा हजार मतांनी पराभूत झाले. आजोबांच्या त्या दुसऱ्या मताने बाबासाहेबांचा निकाल बदलला नसता, हे आम्हाला पुढे वाचनातून कळले. पण आपले एक मत फुकट गेले, ही सल त्यांच्या मनातून कधी गेली नाही.

आता 1999 सालाकडे येऊ. महाराष्ट्रात त्या वर्षी लोकसभेची आणि विधानसभेची निवडणूक एकत्रच झाली. आम्ही बी.ए.ला होतो. अठरा वर्षे पूर्ण झाली म्हणजे नाव यादीत आपोआप येते, असा आमचा समज. मतदानाच्या दिवशी नवा शर्ट घालून केंद्रावर गेलो. यादीत नाव नव्हते. असणार कुठून? आम्ही अर्जच भरला नव्हता. सत्तरी ओलांडलेले आजोबा मात्र काठी टेकत जाऊन मत देऊन आले. संध्याकाळी त्यांनी विचारले, "तुझ्या बोटाची शाई कुठाय?" आम्ही खाली मान घातली. तेव्हा ते म्हणाले, "मला अक्षर येत नव्हतं, म्हणून माझं एक मत फुकट गेलं. तू बी.ए. शिकतोस, तुझं तर सगळंच गेलं."

2004 साली आम्ही यंत्राचे बटण दाबून पहिले मत दिले. शाई लावलेले बोट दाखवायला आजोबा राहिले नव्हते.

मित्रहो, हा अधिकार आपल्याला सहज मिळालेला नाही. इंग्रजी राजवटीत मताचा अधिकार मालमत्ता, कर आणि शिक्षण पाहून दिला जाई. ज्यांना जमीन नाही आणि शाळेचे दार बंद, त्यांना मत कुठून मिळणार? 1919 साली साउथबरो समितीपुढे साक्ष देताना तरुण बाबासाहेबांनी अस्पृश्यांसाठी मताधिकाराच्या अटी खाली आणण्याची मागणी केली. 1928 साली सायमन कमिशनपुढे त्यांनी प्रौढ मताधिकारच मागितला. पुढे संविधानाच्या 326 व्या कलमाने तो सर्वांना मिळाला. तेव्हा वयाची अट 21 होती. 61 व्या घटनादुरुस्तीने 28 मार्च 1989 पासून ती 18 झाली.

बँकेत माणसाची पत त्याच्या शिलकीवर ठरते. कोणाला साहेब खुर्ची देतात, कोणी रांगेत ताटकळतो. मतदान केंद्रावर मात्र गिरणीमालकाचे मत एक आणि झाडूवाल्या बाईचेही एकच. राजकारणात समता आली तरी सामाजिक व आर्थिक जीवनात विषमता राहणार आहे, असा इशारा बाबासाहेबांनी 25 नोव्हेंबर 1949 रोजी संविधान सभेत दिला होता. ती विषमता दूर करण्याचे जे साधन हाती आहे, तेच आपण टाकून द्यायचे काय?

काही जण हे साधन विकतात. त्यांच्यासाठी कारकुनी हिशेब मांडतो. पाचशेची नोट पाच वर्षांच्या दिवसांत वाटली तर दिवसाला 27 पैसे पडतात. पंचवीस पैशांचे नाणे तर 2011 सालीच चलनातून बाद झाले आहे!

चेक लाखाचा असला तरी सही जुळली नाही तर तो परत जातो. मताचेही तसेच आहे. नुसती इच्छा असून भागत नाही, कागद चोख हवा. पहिल्या निवडणुकीच्या वेळी स्वतःचे नाव न सांगता 'अमक्याची आई', 'तमक्याची बायको' अशी नोंद केलेल्या सुमारे 28 लाख स्त्रिया यादीतून वगळल्या गेल्या होत्या. म्हणून आज घरी गेल्यावर पुढील कामे करा. नवीन नावासाठी नमुना 6 भरा. सतरा वर्षे पूर्ण झालेल्यांनाही आगाऊ अर्ज करता येतो. घर बदलले असेल किंवा लग्न होऊन सून घरात आली असेल, तर नमुना 8 भरा. ओळखपत्र खिशात असले तरी यादीत नाव नसेल तर मत देता येत नाही, म्हणून यादी स्वतः पाहा. तुमच्या नावावर आधीच कोणी मत देऊन गेला असेल तर परत फिरू नका. केंद्राध्यक्षाकडे प्रदत्त मतपत्रिका मागा; तो तुमचा हक्क आहे. उमेदवारांची शपथपत्रे वाचा. एकही पसंत नसेल तर 2013 पासून 'नोटा'चे बटणही आहे. मत कोणाला द्यायचे ते आम्ही सांगणार नाही. ते तुमचे तुम्ही ठरवायचे.

आमच्या आजोबांचे एक मत अज्ञानाने गेले, आमचे आळसाने गेले. तुमच्याजवळ यातले कोणतेच कारण नाही. पुढच्या मतदानाच्या संध्याकाळी तुमच्या घरातले कोणी वडीलधारे विचारतील, "शाई कुठाय?" तेव्हा मान खाली घालण्याची वेळ येऊ देऊ नका.

 जय भीम! जय भारत!