दुसऱ्या गुडघ्याची गोष्ट

(दिंडीच्या शताब्दी सोहळ्यात महिला भजनी मंडळापुढे झालेल्या भाषणाचे शब्दांकन)



सकाळपासून तुम्ही मोठमोठ्यांची प्रवचनं ऐकली. मी बोलणार आहे गुडघ्याबद्दल. हसू नका. आपली दिंडी १०० वर्षं चालली, ती गुडघ्यांवरच चालली.

मी २७ वर्षं अमरावती जिल्ह्यात आरोग्यसेविका होते. नोकरी संपली आणि डोक्यावर तुळस घेतली. पुढं दोन्ही गुडघे झिजले. उजवा अकोल्याला बदलला, डावा दोन वर्षांनी अमरावतीला. पहिल्या वेळी मी चुकले. ती चूक आज सांगायची आहे, कारण तिची किंमत मी एकटीनं दिली नाही.

पहिल्या ऑपरेशनला कमरेत इंजेक्शन देऊन भूल दिली. संध्याकाळपर्यंत पाय लाकडासारखा. दुखणं कसं ते नाहीच. मला वाटलं, सुटले. मध्यरात्री भूल उतरली आणि जीव कासावीस झाला. सिस्टर आली, म्हणाली, "आजी, दुखतं का?" मी म्हटलं, "नाही बाई, पांडुरंगाची कृपा आहे." दिंडीत माझं नाव सोसणारी म्हणून. ते नाव राखायचं होतं ना!

पहाटे सहन होईना तेव्हा सांगितलं. सिस्टरनं जोराचं इंजेक्शन दिलं. दुखणं थांबलं, पण ओकाऱ्या सुरू झाल्या. तीन वेळा भांडं भरलं. मग मी मनानंच ठरवलं, औषधानं ओकारी होते, तर औषधच नको. सून गोळी हातात द्यायची, मी ती उशीखाली ठेवायची. आयुष्यभर लोकांना गोळ्या गिळायला लावणारी बाई मी!

गोळी नाही म्हणून दुखणं, दुखतं म्हणून व्यायाम नाही. व्यायाम शिकवणाऱ्या पोरीला रोज म्हणायचे, "उद्या करू, बेटा." दीड महिन्यानं गुडघा काटकोनातही वाकेना. डॉक्टरांना पुन्हा भूल देऊन तो वाकवून मोकळा करावा लागला. माझी दोन वर्षं वारी चुकली.

त्याहून वाईट सांगते. आपल्या दिंडीतली एक मैत्रीण मला भेटायला आली होती. तिचंही ऑपरेशन ठरलं होतं. माझा चेहरा आणि ते भांडं पाहून घरी गेली आणि म्हणाली, "मले नाई करा लागत बाप्पा, मरण परवडलं." पुढच्या आषाढीला ती गाडीतून पंढरपूरला आली. त्यापुढच्या वर्षी घराची पायरीही उतरली नाही. माझ्या न बोलण्यानं तिचा धीर गेला, हे मला अजून टोचतं.

डाव्या गुडघ्याच्या वेळी भूलतज्ज्ञांनी आधीच विचारलं, "आजी, तुम्हाला एसटी लागते का?" मी म्हटलं, गुडघ्याचा आणि एसटीचा काय संबंध? ते म्हणाले, संबंध आहे. ज्यांना गाडी लागते किंवा आधीच्या ऑपरेशननंतर ओकाऱ्या झाल्या, त्यांना पुन्हा होण्याचा संभव जास्त. बायकांना पुरुषांपेक्षा जास्त. आणि अफूच्या जातीची जोराची वेदनाशामकं द्यावी लागली, तर आणखी जास्त. हे आधी कळलं की ओकारीचं औषध आधीच देता येतं. म्हणून माउलींनो, हे आपण होऊन सांगा. साखर, बीपी, किडनीचा त्रास, ॲसिडिटी, चालू असलेल्या सगळ्या गोळ्या, सगळं सांगा. ओकारीवरच्या एका औषधानं साखर वाढते, आणि सुजेच्या काही गोळ्या किडनीला, पोटाला त्रास देतात.

तुम्हाला आठवत असेल, अटलजी पंतप्रधान असताना त्यांचे गुडघे मुंबईच्या ब्रीच कँडी रुग्णालयात बदलले होते. एक २००० साली, दुसरा २००१ साली. ऑपरेशन करणारे डॉ. चित्तरंजन राणावत मध्य प्रदेशात जन्मलेले आणि न्यूयॉर्कला नाव कमावलेले. त्यांच्या केंद्रातल्या डॉक्टरांनी २००९ साली आपली पद्धत लिहून प्रसिद्ध केली. जोराच्या एकाच औषधावर विसंबायचं नाही. ऑपरेशनच्या वेळीच सांध्याभोवती इंजेक्शन द्यायचं आणि वेगवेगळ्या तऱ्हेची औषधं थोडी थोडी द्यायची. म्हणजे जोराचं औषध कमी लागतं आणि ओकाऱ्याही कमी होतात. आता बऱ्याच ठिकाणी असंच करतात. आपल्या भाषेत सांगायचं तर एकट्या पखवाजानं भजन होत नाही. वीणा, टाळ, पखवाज, सगळ्यांनी आपापलं वाजवलं की कोणालाच जोरात बडवावं लागत नाही.

डाव्या गुडघ्याला तसंच झालं. मांडीतल्या नसेजवळ एक इंजेक्शन, सांध्याभोवती औषध, ओकारीचं औषध आधीच, आणि ठरल्या वेळी पॅरासिटामॉल. दुखलं नाही असं नाही. दुखलं, पण दुसऱ्या दिवशी वॉकर धरून दारापर्यंत गेले.

आता माझ्या अनुभवाच्या चार गोष्टी ऐका.

गोळी घड्याळाप्रमाणे घ्या. काकड्याची वेळ आपण चुकवत नाही, तशी पहिले काही दिवस गोळीची वेळ चुकवू नका. दुखणं डोक्यावर चढलं की उतरवायला जास्त औषध लागतं. व्यायामाच्या अर्धा-पाऊण तास आधी गोळी पोटात असेल असं डॉक्टरांना विचारून बसवून घ्या. गोळी कशासाठी? गुडघा वाकवण्यासाठी.

सिस्टरनं "शून्य ते दहामध्ये किती दुखतं?" विचारलं तर खरा आकडा सांगा. तिथं नम्रपणा कामाचा नाही.

मळमळलं तर लगेच सांगा. गोळी उशीखाली ठेवू नका. डॉक्टर औषध बदलतात, कमी करतात, ओकारीची गोळी जोडतात. हळूहळू उठा, आधी काठावर बसा. पाणी घोट घोट घ्या. पेज, मऊ भात, थोडं थोडं खा. सुजेच्या गोळ्या उपाशीपोटी घेऊ नका. त्या दिवसांत एकादशी आली तर साबुदाण्यावर राहू नका. पांडुरंग समजून घेतो. जोराच्या गोळ्यांनी पोटही धरतं. तेही लाजू नका, सांगा.

कापडात गुंडाळून बर्फ लावा, एका वेळी १५-२० मिनिटं. उशी टाचेखाली ठेवा, गुडघ्याखाली नको. गुडघ्याखाली बरं वाटतं, पण गुडघा वाकडाच राहतो. पंजा वर-खाली हलवत राहा.

आणखी एक. मेडिकलमधून मनानं गोळ्या आणू नका. दोन नावांच्या गोळ्यांत एकच औषध असतं आणि दुप्पट पोटात जातं. बाजारातली बिननावाची पुडी तर नकोच.

काही गोष्टींना मात्र थांबायचं नाही. पोटरी सुजून दुखू लागली तर चोळू नका, दवाखाना गाठा. छातीत दुखणं, दम लागणं, थंडी वाजून ताप, जखमेतून पाणी किंवा पू, काळी शौचास, थांबत नसलेली ओकारी, हे झालं तर रात्र असो की पाऊस, लगेच निघा.

पहिले दोन आठवडे कठीण जातात. दीड महिन्यात बरंच हलकं होतं. सूज काही महिने राहते, घाबरू नका. वारीला पायी केव्हा निघायचं, हे डॉक्टरांनाच विचारा. मी पहिल्या वर्षी टेंपोत बसून, रोज थोडं थोडं चालले.

शेवटचं सांगते. सोसणं हा आपला गुण आहे, मी नाकारत नाही. ऊन सोसा, पाऊस सोसा, लोकांचं बोलणं सोसा. पण ज्या दुखण्याला औषध आहे ते लपवण्यात भक्ती नाही. ज्यांची समाधी अमरावतीला आहे, त्या गाडगेबाबांनी आपल्या दशसूत्रीत रोग्याला औषधोपचार देणं हे देवाचं काम म्हणून सांगितलं. मग रोग्यानं तो घेणं पाप कसं?

ज्या मैत्रिणीची गोष्ट सांगितली, तिच्याकडे मी आता दर आठवड्याला जाते. डावा गुडघा वाकवून दाखवते. परवा तिनं विचारलं, "खरंच ओकाऱ्या नाई झाल्या तुले?" मी म्हटलं, "एक झाली. सांगितलं, थांबली." ती काही बोलली नाही. पण डॉक्टरांचा नंबर लिहून घेतला.

बोला, पुंडलिक वरदे हरि विठ्ठल! रामकृष्ण हरी.