दूरचा प्रवास आणि खिशातील नकाशा
(मंडळाच्या हेब्बाळ, म्हैसूर येथील सभेत केलेले भाषण)



आजच्या विषयाची निवड मंडळाच्या चिटणिसांची आहे. आम्ही पडलो बी. ए. झालेले सरकारी नोकर. यंत्रशास्त्रावर बोलण्याचा अधिकार आम्हांस नाही. तथापि नोकरीच्या निमित्ताने पुष्कळ वाटा तुडविल्या, त्या भांडवलावर हे धाडस करीत आहोत.

आपल्या या हेब्बाळच्या वसाहतीतून पूर्वी कुटुंबे गावी जात ती आगगाडीने. आता मे महिन्यात आणि गणपतीला घराघरांतून मोटारी निघतात. हुबळी-बेळगावचा हमरस्ता धरला तर चिंता नाही. परंतु कोणी अणशीच्या रानातून कारवारला उतरतो, कोणी आंबोलीने सावंतवाडी गाठतो. तेथे मधूनमधून फोनचे नेटवर्क नाहीसे होते. गाडीत वृद्ध माणसे असतात, मुले पेंगुळलेली असतात, पाऊस कोसळत असतो, आणि नेमके त्याच वेळी रस्त्याला दोन फाटे फुटतात.

नेटवर्क गेले म्हणजे फोनला आपला ठावठिकाणा कळत नाही, ही समजूत चुकीची आहे. सुमारे वीस हजार किलोमीटर उंचीवरील उपग्रह अखंड वेळ सांगत असतात आणि फोन ती केवळ ऐकतो. निदान चार उपग्रहांचे संदेश मिळाले, की ते किती उशिरा पोचले यावरून तो स्वतःची जागा ताडतो. येथे एका सेकंदाच्या दशलक्षांश भागाची चूक म्हणजे तीनशे मीटरांची चूक! म्हणूनच उपग्रहांत अणुघड्याळे बसविलेली असतात. अमेरिकेने मे २००० मध्ये नागरी वापराच्या संकेतांत हेतुतः ठेवलेला दोष काढून टाकला, तेव्हापासून ही विद्या सामान्यांच्या खऱ्या उपयोगाची झाली. आपल्या इस्रोनेही २०१३ पासून ‘नाविक’ मालिकेचे उपग्रह सोडले. त्यांपैकी काहींची घड्याळे बंद पडली, आणि २९ मे २०२३ रोजी नव्या पिढीतील पहिला उपग्रह गेला. मात्र नेटवर्काच्या साहाय्यावाचून पहिली जागा सापडण्यास फोनला कधी कधी काही मिनिटे लागतात. दाट झाडी आणि खोल दरी सोडून मोकळ्या आकाशाखाली गाडी उभी करावी, हे उत्तम.

आकाशाकडे पाहून वाट शोधण्याचे एक प्रसिद्ध उदाहरण आपल्या शेजारचेच आहे. १७९९ च्या श्रीरंगपट्टणच्या मोहिमेत जनरल बेअर्डची तुकडी रात्री वाट चुकून टिपूच्या सैन्याच्याच दिशेने निघाली होती. आपण दक्षिणेऐवजी उत्तरेला चाललो आहोत, हे विल्यम लँबटन या अधिकाऱ्याने ताऱ्यांवरून ओळखले. याच लँबटनने पुढे १८०२ मध्ये मद्रासेहून हिंदुस्थानची त्रिकोणमितीय मोजणी आरंभिली आणि वीस वर्षांहून अधिक काळ त्या कामात घालवून १८२३ मध्ये आपल्या वर्धा जिल्ह्यातील हिंगणघाट येथे देह ठेवला. म्हैसूर आणि विदर्भ यांना जोडणारा हा दुवा आपल्या मंडळींना सहसा ठाऊक नसतो, म्हणून हे विषयांतर.

फोनला जागा कळली, तरी ती दाखविण्यास नकाशा हवा. तो मात्र नेटवर्कवरूनच येतो. तेव्हा निघण्यापूर्वी घरी बसून तो उतरवून घ्यावा. गूगलच्या नकाशात हव्या त्या प्रदेशाचा तुकडा साठविता येतो; मात्र काही काळाने त्याची मुदत संपते आणि नेटवर्कावाचून रहदारीची वार्ता मिळत नाही. ऑर्गॅनिक मॅप्स आणि ऑसमँड ही अ‍ॅपे २००४ साली इंग्लंडात सुरू झालेल्या ओपनस्ट्रीटमॅप या लोकांनी मिळून रचलेल्या नकाशावर चालतात. त्यांत राज्येच्या राज्ये फोनमध्ये राहतात आणि रानातील पायवाटाही पुष्कळदा सापडतात. ऑसमँड अधिक संपन्न आहे, पण घरातील वडीलधाऱ्यांना ते हाताळण्यास क्लिष्ट वाटेल. आमचे मत असे, की साधे ऑर्गॅनिक मॅप्स आणि गूगल ही दोन्ही ठेवावीत. दोघांनी वेगवेगळ्या वाटा दाखविल्या, की थांबून माणसाला विचारावे.

कारण नकाशाला रस्ता ठाऊक असतो, त्याची आजची अवस्था ठाऊक असेलच असे नाही. जानेवारी २०२१ मध्ये कळसूबाईला निघालेल्या पुण्याच्या मंडळींची मोटार अकोले तालुक्यात फोनच्या सांगण्यावरून रात्री पिंपळगाव खांड धरणाच्या पाण्यात गेली आणि चालकाचा अंत झाला. नकाशात पूल होता. तो पाण्याखाली गेला आहे, हे स्थानिकांना ठाऊक होते. जवळचेच सांगायचे, तर गुंडलुपेटहून बंदीपूरच्या अरण्यातून उटीकडे आणि वायनाडकडे जाणारे मार्ग २००९ पासून रात्री नऊ ते सकाळी सहा बंद असतात. साठविलेला नकाशा हे सांगेलच, असा भरवसा धरू नये.

फोन तापतो, विजेचा साठा संपतो. यास्तव वाटेतील मोठ्या गावांची नावे अंतरांसह एका कागदावर, शक्य तर कन्नडमध्येही, लिहून काढावी. पाटी वाचणे आणि कोणाला विचारणे दोन्ही सोपे जाते. आमच्या सौभाग्यवती हा कागद पर्समध्ये ठेवतात आणि फोनच्या आधी तोच बाहेर येतो.

शेवटची गोष्ट सरकारी माणसाने सांगावी अशीच आहे. परदेशी राहणारी आपली मुले आणि जावई सुट्टीत येताना उपग्रहावरून संदेश पाठविणारी छोटी यंत्रे हौसेने आणतात. अमेरिकेत गिर्यारोहक ती सर्रास बाळगतात. आपल्या देशात मात्र परवान्यावाचून उपग्रह-फोन किंवा गार्मिन इनरीचसारखे यंत्र बाळगणे हा गुन्हा आहे आणि त्यापायी विमानतळांवर परदेशी प्रवाशांची अडवणूक व अटकही झालेली आहे. केवळ उपग्रहांचे ऐकणाऱ्या साध्या फोनला ही बाधा नाही. उपग्रहांशी बोलणाऱ्या यंत्राला आहे. तिकिटे काढण्यापूर्वीच जावईबापूंना हे पत्राने वा फोनने कळवून टाकावे.