सतरंजी एकच असावी

कुणी दुपारची भांडी आटोपून, तर कुणी शिलाई मशीनवर बसून आमचं बोलणं ऐकत असाल. आज बचत गटाच्या बैठकीबद्दल बोलू या. पैशाबद्दल कमी, आणि बैठकीत बाई मोकळी कधी होते याबद्दल जास्त.

आम्ही नागपूरच्या वस्त्यांमधून गटांचं काम पाहतो. पंचसूत्री तुम्हाला पाठ आहेच: नियमित बैठक, नियमित बचत, अंतर्गत कर्ज, वेळेवर परतफेड आणि चोख हिशोब. ही पाच सूत्रं पाळली की गट पक्का, असं आम्हालाही वाटायचं. एका बैठकीनं आमचा हा समज मोडला.

त्या दिवशी आम्ही नेहमीप्रमाणे वही उघडली आणि थकीत हप्त्यांची नावं मोठ्यानं वाचली. एका मावशीचे 3 हप्ते राहिले होते. "मावशी, कधी देता?" आम्ही विचारलं. आवाज चढवला नव्हता. त्या उभ्या राहिल्या, म्हणाल्या, "देतो जी, पुढच्या महिन्यात." पुढच्या महिन्यात त्या आल्याच नाहीत. त्याच्या पुढच्याही नाही. शेजारच्या दोघींनीही येणं बंद केलं.

मग आम्ही त्यांच्या घरी गेलो. मावशींनी चहा केला. म्हणाल्या, "पैसे बुडवणार नाही ताई. पण तुम्ही माह्यं नाव घेऊन चारचौघीत उभं केलं, ते मनाले लागलं. पोराच्या ऑपरेशनचं सांगाचं होतं, पण तसं उभ्या उभ्या कसं सांगू?"

आमच्याकडे उत्तर नव्हतं. गटातल्या कितीतरी जणींनी दुसरीकडचंही कर्ज घेतलेलं असतं. तिथं वसुलीच्या दिवशी एकीचा हप्ता आला नाही, तर बाकीच्यांनाही उठू देत नाहीत. आपला गट तसा नाही, असं आम्ही सांगत होतो. करत मात्र जवळपास तेच होतो.

मैत्रिणींनो, बायकांच्या सभेत बाईचाच मान जावा, हे आपल्या नागपूरनं फार पूर्वी पाहिलंय. जाईबाई चौधरी यांनी इथं दलित मुलींसाठी शाळा चालवली. 1937 च्या डिसेंबरात नागपुरात अखिल भारतीय महिला परिषद भरली. तिथं जेवणाच्या वेळी जाईबाईंना वेगळं बसवलं गेलं. व्यासपीठावर स्त्रियांच्या हक्कांची भाषणं, आणि पंगतीत ही वागणूक! दलित स्त्रियांनी लगेच सभा घेऊन निषेध केला. पुढे 1942 च्या जुलैत याच शहरात दलित महिलांची परिषद भरली. अमरावतीच्या सुलोचनाबाई डोंगरे अध्यक्ष होत्या. डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्या परिषदेत बोलले. हजारो बायका आल्या होत्या. घटस्फोटाचा हक्क, गिरणीत आणि विडी कारखान्यात राबणाऱ्या बायकांना रजा, असे ठराव त्यांनी केले. घरातलं दुखणं आणि कामावरचं दुखणं त्या सभेत उघड बोलता आलं, कारण तिथं कुणाला वेगळं बसवलेलं नव्हतं.

म्हणून आम्ही आमची बैठक बदलली. आधी खुर्ची काढली. आता आम्हीही त्याच सतरंजीवर, गोल करून बसतो. मग सगळ्यांसमोर माफी मागितली. मान जिथं गेला, तिथंच तो परत द्यायला हवा.

मग हिशोब झाकायचा का? मुळीच नाही. हिशोब झाकला की गट बुडाला. पण आता फक्त थकलेल्यांची नावं वाचत नाही. अध्यक्षांपासून शेवटच्या सदस्येपर्यंत सगळ्यांची बचत, कर्ज आणि बाकी ओळीनं वाचतो. रक्कम सर्वांसमोर मोजली जाते. आम्ही पैशाला हात लावत नाही. पेटीच्या किल्ल्या वेगवेगळ्या बायकांकडे असतात. हप्ता का राहिला, हे मात्र बैठकीच्या आधी, घरी जाऊन, एकटीला विचारतो. आकडा गटाचा असतो, त्यामागचं दुःख तिचं. ते सांगायचं की नाही, हे तिनं ठरवायचं.

दुसरी गोष्ट, गप्प बसण्याची. कुणी बोलता बोलता थांबली, की आम्ही लगेच सल्ला द्यायचो. आता थांबतो. पुष्कळदा खरी गोष्ट त्या थांबण्यानंतरच येते.

तिसरी गोष्ट, "इथलं बोलणं इथंच." हा नियम सगळ्या जणी मिळून ठरवतात, आणि तो आधी आम्हाला लागू होतो. एका गटातली गोष्ट दुसऱ्या गटात उदाहरण म्हणून सांगायची आमची जुनी सवय होती, ती सोडली. पण मारहाणीसारखी गोष्ट कळली, तर गप्प राहून चालत नाही. तेव्हा तिला विचारून, तिच्यासोबत 181 या महिला हेल्पलाइनला फोन लावतो.

मावशी परत आल्या का, असं तुमच्या मनात आलं असेल. दोन बैठकांनंतर आल्या. ऑपरेशनचं स्वतःच बोलल्या. गटानं त्यांचे हप्ते लहान करून दिले. आता त्या नियमित भरतात. शेजारच्या दोघींपैकी एक आली, दुसरी अजून आलेली नाही. तिच्या दाराशी आम्ही अधूनमधून जातो. गटाचा विषय काढत नाही, खुशाली विचारतो.

आणि हो, ही गोष्ट रेडिओवर सांगू का, असं आम्ही मावशींना विचारलं होतं. त्या म्हणाल्या, "सांगा जी. फक्त नाव नका घेऊ."

नाव घेतलेलं नाही, मावशी.