घोरपडे



घोरपडे म्हटलं की आपल्या कोल्हापूर जिल्ह्यात आधी सेनापती संताजी आठवतात, त्यांची कापशी आठवते. दगडांच्या कपारीत राहणारी घोरपड कुणाच्या मनात येत नाही. आडनाव मात्र तिचंच. कोल्हे, लांडगे, ससाणे, पारवे अशी आडनावं आपल्याकडे पुष्कळ. दूर युरोपातही तेच. चेक कवी मिरोस्लाव होलुब यांच्या आडनावाचा अर्थ कबूतर. पण अशी नावं नेमकी कशावरून पडली, याचा माग सहसा लागत नाही. घोरपड्यांच्या नावामागे मात्र एका गडाची हकीकत सांगतात, आणि तो गड आपल्याच शाहूवाडी तालुक्यातला आहे.

विशाळगडाचं जुनं नाव खेळणा. पंधराव्या शतकात बहामनी वजीर महमूद गवान या मुलखावर चालून आला. घराण्यात सांगत आलेत ते असं, की भोसले कुळातले कर्णसिंह आणि त्यांचे पुत्र भीमसिंह त्या फौजेत होते. घोरपडीला दोर बांधून तिला कड्यावर चढवलं आणि त्या दोरानं माणसं वर गेली. कर्णसिंह कामी आले. भीमसिंहांना ‘राजा घोरपडे बहाद्दर’ हा किताब आणि मुधोळची जहागीर मिळाली. याचं 1471 चं फर्मान दाखवतात. ते अस्सल की बनावट, यावर इतिहाससंशोधकांत वाद झालेला आहे.

दोराची गोष्ट मला स्वतःला पटत नाही. पण घोरपडीची पकड खरी आहे. कपारीत शिरली की ती अंगात हवा भरून फुगते, नख्या दगडात रुतवते. मग शेपटी धरून कितीही ओढा, ती जागची हलत नाही. चिवट लढवय्याला हे नाव शोभतं. संताजींनी औरंगजेबाच्या फौजांना ज्या चिकाटीनं सळो की पळो केलं, ते पाहिलं की किताब सार्थकी लागला असंच वाटतं.

मला सगळ्यात मोलाची वाटते ती इचलकरंजीची कथा. तिथल्या संस्थानाचे मूळ पुरुष नारो महादेव जोशी, मूळचे कोकणातले ब्राह्मण. संताजींच्या पदरी ते वाढले, कर्तबगार झाले, आणि धन्याच्या ऋणापोटी त्यांनी जोशी सोडून घोरपडे हे आडनाव लावलं. पुढे त्यांचे चिरंजीव व्यंकटराव हे बाळाजी विश्वनाथ पेशव्यांचे जावई झाले. इतक्या मोठ्या सोयरिकीनंतरही आडनाव घोरपडेच राहिलं. जात वेगळी, कूळ वेगळं, रक्ताचं नातं नाही, आणि तरी नाव पिढ्यान्‌पिढ्या अभिमानानं चाललं. आडनावावरून माणसाची जात हुडकणाऱ्यांनी हे जरूर ध्यानात घ्यावं.

आणि जिच्यावरून हे नाव आलं, तिची आजची दशा वाईट आहे. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात घोरपड पहिल्या अनुसूचीत आहे, म्हणजे वाघाच्या बरोबरीनं. तरी मांसासाठी, तेलासाठी तिला मारतात. ‘हत्ताजोडी’ म्हणून दुर्मिळ मुळी विकतात ना, धनलाभासाठी तिजोरीत ठेवायला? ती मुळी नव्हेच. तो नर घोरपडीच्या जननेंद्रियाचा वाळवलेला भाग असतो. कुणी ती विकायला आला तर घेऊ नका, आणि वनखात्याच्या 1926 या क्रमांकावर कळवा.